कोरा कोपरा

"थोडा आणखी वर धरा, मिस्टर पिंकनी. हां, अस्साच. आता त्या खुणेकडे बघा."

ऑर्व्हिल पिंकनीनं पुठ्ठा हनुवटीपर्यंत उचलला. पुठ्ठा तसा हलकाच, पण हात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. समोर पंधरा पावलांवर जमिनीवर निळ्या टेपची फुली मारली होती. फुलीवर कोणी उभं नव्हतं, आणि पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बरोबर इथंच उभे असायचात ना तुम्ही? कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला?" मारिसोलनं विचारलं. पोरगी तिशीच्या आतली, हातात कागदांचा गठ्ठा, पायात धावण्याचे बूट. 'झोप उडवा' या विनोदी कार्यक्रमाला पन्नास वर्षं होत होती, आणि पहिल्या वर्षाच्या आठवणी गोळा करायचं काम चॅनेलनं तिच्याकडे सोपवलं होतं.

"डाव्याच अंगाला."

"म्हणजे तुमचे ते नट, डेल्बर्ट स्टॅम्पर, त्या रात्री थेट कॅमेऱ्यात बघत होते. एकवीस सेकंद. एक शब्द नाही! अख्ख्या देशाच्या डोळ्यांत डोळे घालून! आम्हाला कॉलेजात शिकवलंय ते."

"असं म्हणतात खरं," ऑर्व्हिल म्हणाला आणि त्यानं पुठ्ठा खाली घेतला.

मागे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिसऱ्या रांगेत तेवढी एक बाई बसली होती, करड्या केसांची, कोट न काढता. नदीन स्टॅम्पर. डेल्बर्टची मुलगी. केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवायची. बापाचा मरणोत्तर सत्कार आहे म्हणून चॅनेलनं तिला बोलावून घेतलं होतं. सकाळी तिनं ऑर्व्हिलशी हात मिळवला, तेव्हा एवढंच म्हणाली होती, "मी तीन वर्षांची होते. मला विचारू नका काही. मी नुसती बघायला आलेय."

बापाचीच हनुवटी होती तिची. ऑर्व्हिलनं सकाळपासून दुसऱ्यांदा तिकडे बघायचं टाळलं.

मारिसोलनं टेबलावर जुने पुठ्ठे मांडले. न्यू जर्सीतल्या कुठल्याशा गोदामात सापडले होते. पिवळे पडलेले, पण काळी अक्षरं अजून ठसठशीत. नटांना पाठ करायला वेळ नसे. म्हणून त्यांचे संवाद बोटाएवढ्या जाड अक्षरांत पुठ्ठ्यांवर लिहायचे आणि कॅमेऱ्याशेजारी उभं राहून एकामागून एक दाखवायचे, हे ऑर्व्हिलचं काम. कार्यक्रम थेट जायचा, शुक्रवारी रात्री साडेअकराला. चुकलं तर चुकलेलंच घरोघर जायचं.

"मला एक गंमत सापडलीये," मारिसोल म्हणाली. "स्टॅम्परच्या प्रत्येक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात तुम्ही बारीकसं चित्र काढलंय. ही टोपी. ही कोंबडी. हा बूट. बाकी कुणाच्याच पुठ्ठ्यावर नाही. आणि त्या एकवीस सेकंदांच्या रात्रीचे हे शेवटचे तीन... यांचा कोपरा कोरा. असं का?"

"चाळा होता, पोरी. हाताला चाळा. त्या दिवशी वेळ झाला नसेल."

पन्नास वर्षं तो हे असंच काहीबाही सांगत आला होता. पुस्तकं लिहिणाऱ्यांना सांगितलं, वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं. खोटं बोलताना आवाज हलू न देण्याची सवय माणसाला होते. देवासमोर मात्र होत नाही. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले की हे तीन कोरे कोपरे डोळ्यांसमोर येत. मान वर करून प्रार्थना करणं त्याला कधी साधलंच नाही. लोक म्हणत, किती नम्र माणूस!

खुर्च्यांमधून नदीन उठून टेबलाशी आली. तिनं एक पुठ्ठा उचलला, दिव्याखाली नेला, पुन्हा आणला. वरच्या टोकाला डेल्बर्टचं आडनाव लिहिलेलं होतं. पहिल्या अक्षराची शेपटी खाली ओढून वळवलेली.

"हे अक्षर कुणाचं?"

"यांचंच," मारिसोल म्हणाली. "सगळे पुठ्ठे यांनीच लिहिलेत."

नदीननं ऑर्व्हिलकडे पाहिलं. "हे अक्षर माझ्या घरी आहे."

मग मारिसोलकडे वळून म्हणाली, "तुमचं जेवण होऊ द्या. मला यांच्याशी बोलायचंय."

मारिसोल आणि ध्वनीवाला माणूस जेवायला गेले. स्टुडिओत दोघंच उरली. नदीननं पिशवीतून फडक्यात बांधलेला मक्याचा पाव काढला. घरून आणलेला. एक तुकडा त्याच्यापुढे ठेवला. आतिथ्य म्हणून नव्हे, दोघं जण बसलेत तर वाटून खायचं, एवढ्याचसाठी.

"बाबा इकडे आले तेव्हा तीन पार्सलं आली," ती म्हणाली. "पहिल्यात बाहुली, मग बूट, मग एक लाल कोट. वर पत्ता. आत चिठ्ठी नाही. वाढदिवसालाही नाही. आई म्हणायची, बघ, तुझ्या बापानं शहरात बाई ठेवलीये, तिच्याकडून पत्ता लिहून घेतो. स्वतःला दोन ओळी लिहायची फुरसत नाही. आईनं तो पत्त्याचा कागद फडताळात अंथरला होता. बशा काढताना रोज दिसायचा. मुद्दाम अंथरला होता तिनं." ती थांबली. "तर ती बाई म्हणजे तुम्ही."

ऑर्व्हिलला हसू आलं नाही.

"इथं त्याचा गवगवा असेल. माझ्या लेखी तो दोन ओळी न लिहिणारा माणूस आहे. त्या सत्काराला मी बसणार नाहीये. पण हात कुणाचा होता ते बघायचं होतं. बघितला. खा."

तो खाऊ शकला नाही. घास तोंडात तसाच राहिला. बोललो तर काय होईल, हे त्याला माहीत होतं. मित्राला दिलेला शब्द मोडेल. आणि शब्द मोडला की त्याच्याखाली दडलेलं दुसरंही बाहेर येईल, ते मात्र कुणाला दिलेल्या शब्दापायी झाकलेलं नव्हतं. पण समोर त्रेपन्न वर्षांची बाई बसली होती, आणि पन्नास वर्षं ती फडताळातल्या कागदावरून बापाचा न्याय करत होती. त्या कागदावरचं अक्षर त्याचं होतं.

"त्याला लिहिता येत नव्हतं," ऑर्व्हिल म्हणाला.

"काय?"

"लिहिता नाही, वाचता नाही. एक अक्षर नाही. दहाव्या वर्षी खाणीच्या कामाला लावला होता त्याला. तुमच्या आईलाही ठाऊक नव्हतं. मला एकट्याला ठाऊक होतं."

नदीन चावायची थांबली.

मग तो सांगू लागला.

पहिल्याच आठवड्यात डेल्बर्ट त्याला कपडेपटात गाठून म्हणाला होता, "डीकन, मला जरा ओळ दे ना." डीकन, म्हणजे चर्चमधला सेवेकरी, ऑर्व्हिलचा बाप होता, हा नव्हे, पण डेल्बर्टनं ते नाव चिकटवून टाकलं. आणि ओळ देणं म्हणजे काय हे त्या इमारतीत दोघांनाच कळत होतं. जिथं भजनाची पुस्तकं नसतात, असली तरी वाचता येत नसतात, तिथं एक जण उभा राहून एक ओळ म्हणतो, मग सगळे ती ओळ लांबवून गातात. मग पुढची ओळ. साऊथ कॅरोलिनात ऑर्व्हिलचा बाप असा ओळ द्यायचा, केंटकीत डेल्बर्टचा आजा. एक काळ्यांचं चर्च, एक गोऱ्यांचं, पद्धत तीच.

"वाचता येत नाही होय रे तुला?" ऑर्व्हिलनं विचारलं होतं.

"बोंबल ना जरा आणखी मोठ्यानं. वरच्या मजल्यावर साहेबांना ऐकू गेलं नसेल."

"आणि इथं नोकरी मिळवलीस?"

"तोंड बघून दिली, डीकन. तोंड वाचायचं नसतं. कुणाला सांगशील तर जीभ कापीन."

"नाही सांगणार."

"देवाची शपथ घे."

त्यानं घेतली. त्या दिवसापासून दर शुक्रवारी तो डेल्बर्टला ओळ द्यायचा. एकदा ऐकलं की डेल्बर्टच्या डोक्यात कोरलं जायचं. कुठल्या पुठ्ठ्याशी आलो हे कळावं म्हणून कोपऱ्यात चित्र. कोंबडी दिसली की कोंबडीचा उतारा. महिनाभरात वर्तमानपत्रं लिहू लागली, हा पोरगा पुठ्ठ्याकडे ढुंकूनही बघत नाही, काय पाठांतर!

रविवारी ऑर्व्हिल त्याला ब्रुकलिनला आपल्या चर्चमध्ये घेऊन जायचा. तिथले रेव्हरंड बुलॉक प्रवचन गात. सुरुवात साध्या बोलण्यातून. शेजारी बसून विचारपूस करावी तशी. मग वाक्याला हळूहळू ताल चढायचा, ताल सुरात शिरायचा, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास आपटायचा, आणि खाली बसलेली माणसं त्या श्वासाला हुंकार द्यायची. शेवटी शब्द संपायचे, नुसता सूर उरायचा. रडणारी माणसं रडून मोकळी व्हायची. दिवसभर लोकांच्या फरशा पुसणाऱ्या बायका त्या सुरावर उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की बघणाऱ्यानं नजर खाली घ्यावी. डेल्बर्ट मागच्या बाकावर बसून ढसाढसा रडायचा. प्रवचन झालं की तळघरात बसून तो अक्षरं गिरवायचा.

"काय गिरवायचा?" नदीननं विचारलं.

"तुमचं नाव. मी म्हटलं, अरे, चिठ्ठी मी लिहून देतो, तू सांग. तर म्हणाला, पत्ता लिही, पत्ता पोस्टमनसाठी असतो. पोरीला लिहीन तेव्हा माझ्या हातानं लिहीन. डिसेंबरपर्यंत तीन अक्षरं जमली होती. पहिली तीन. तिसरं उलटं काढायचा."

नदीननं फडक्याची गाठ बांधली, सोडली, परत बांधली. "कुठं आहेत ते कागद?"

"रद्द झालेल्या पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला गिरवायचा. गिरवून झालं की ते तिथंच कचऱ्यात जायचे. मी नाही ठेवले."

"मग हे का सांगितलं नाहीत? मेला तेव्हाच का नाही सांगितलंत? शपथ म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं; तिनं त्याचा हातही धरला असता. ऑर्व्हिलनं पुठ्ठ्यांच्या कोऱ्या कोपऱ्यांकडे पाहिलं.

"शपथ होतीच. पण ते खरं कारण नाही."

आणि मग त्यानं आजवर बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

जानेवारीत एक प्रहसन आलं. गाणाऱ्या पाद्र्याचं. डेल्बर्टनं लेखकांच्या खोलीत रेव्हरंड बुलॉकची नक्कल करून दाखवली होती, हसवण्याच्या भरात. त्या मंडळींनी ती उचलली. तो आपटलेला श्वास, ती रुमालानं मान पुसण्याची तऱ्हा, "चला जरा माझ्याबरोबर, माझ्या लेकरांनो" हे पालुपदसुद्धा. पाद्री पैसे गोळा करता करता गातो आणि खिसा फाटून नाणी सांडतात, असा विनोद. आणि ते सगळं पुठ्ठ्यावर लिहायचं कुणी? ऑर्व्हिलनं. आपल्या हातानं, बोटाएवढ्या अक्षरांत. संध्याकाळच्या तालमीला बोलावलेले तीनशे प्रेक्षक हसून खुर्च्यांतून खाली पडायचे बाकी राहिले होते.

तालीम संपल्यावर तो डेल्बर्टला म्हणाला, "तू त्या बाकावर बसून रडला होतास."

"अरे, नक्कल आहे डीकन. आवडतं त्याचीच नक्कल येते माणसाला."

"माझी आई त्या बाकावर बसते. ती बघणार आहे रात्री."

"मग हसेल की!"

"तुला काही पवित्र आहे का रे?"

डेल्बर्टचा चेहरा पडला होता. काहीतरी म्हणणार होता तो. तेवढ्यात त्याला रंगपटात बोलावलं.

रात्री दहा वाजता लेखकांनी प्रहसनाचा शेवट बदलला. तीन नवे पुठ्ठे. ऑर्व्हिलनं ते लिहिले आणि कोपऱ्यात चित्रं काढली नाहीत. विसरला नाही. ब्रश हातात होता, कोपऱ्याशी नेला, आणि मागे घेतला. मग पुठ्ठे काखेत मारून तो जिन्यात जाऊन बसला. डेल्बर्ट कपडेपटात वाट बघतोय हे त्याला माहीत होतं. "डीकन कुठंय? कुणी डीकनला पाहिलंत का?" असं विचारत तो बोळातून दोनदा गेला, तेही ऐकू आलं. ऑर्व्हिल कॉफी पीत बसून राहिला.

"मग ते... एकवीस सेकंद," नदीन म्हणाली.

"पहिला भाग त्याला येत होता. शेवटाशी आला. मी नवा पुठ्ठा धरला. त्यानं आधी कोपऱ्यात बघितलं. तिथं काही नव्हतं. मग त्याला कळलं की हे मुद्दाम आहे." ऑर्व्हिलचा आवाज खाली गेला. "तो देशाच्या डोळ्यांत नव्हता बघत, बाई. मी कॅमेऱ्याशेजारी होतो. माझ्याकडे बघत होता. ओठ हलताना दिसतात ना त्यात? पुस्तकात लिहितात, प्रार्थना पुटपुटला. तो म्हणत होता, ओळ दे. दोनदा म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"पुठ्ठा सरळ धरून उभा राहिलो."

कुणीतरी दुसऱ्या नटाला आत ढकललं, पडदा पडला, आणि स्टुडिओ हशानं फुटायची वेळ आली. सोमवारी वर्तमानपत्रांत एकच विषय. त्यानंतर लेखक दर आठवड्याला लिहून आणू लागले: स्टॅम्पर गप्प उभा राहतो. पुठ्ठ्यावर लिहायला काही नाही. दर शुक्रवारी ऑर्व्हिल कोरा पुठ्ठा धरून उभा, आणि समोर डेल्बर्ट, तसाच बघत. लोक हसून बेजार. एकदा फक्त म्हणाला, "आता बरं झालं, डीकन. तुला त्रास नाही, मला त्रास नाही." रविवारचं येणं बंद झालं होतं. एप्रिलात हॉटेलच्या खोलीत सापडला. दारू आणि गोळ्या. वय एकतीस.

"मी माफी मागायची ठरवली होती," ऑर्व्हिल म्हणाला. "ईस्टरला मागणार होतो. त्याच्या आधी दहा दिवस गेला तो."

बाहेरच्या बोळातून कुणीतरी गाडा ढकलत नेला. नदीन जमिनीवरच्या फुलीकडे बघत होती.

"किती वेळ लागला असता?" तिनं विचारलं. "तीन पुठ्ठे वाचून दाखवायला?"

"चार मिनिटं."

"आणि तुम्ही जिन्यात किती वेळ बसलात?"

"चाळीस."

तिनं मान हलवली. शाळेच्या बसमधल्या पोरानं खोडी कबूल केल्यावर हलवत असेल तशी. रडली नाही, ओरडली नाही.

"माझ्या आईनं मरेपर्यंत त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "मीही दिल्या. सोपं असतं ते." मग पिशवी उचलून म्हणाली, "हे मला एकटीला सांगून तुम्ही घरी जाणार नाही. त्या पोरीच्या कॅमेऱ्यासमोर सांगायचं. माझ्या बापाला येत नव्हतं हे सांगा, आणि तुम्ही काय केलंत तेही. दोन्ही. एक सांगून दुसरं ठेवायचं नाही."

"लोक त्याला हसतील."

"हसतातच आहेत की."

मारिसोल परत आली, तेव्हा ऑर्व्हिल खुर्चीत सरळ बसला होता. ध्वनीवाल्यानं त्याच्या कोटाच्या कॉलरला बारीक माइक लावला. नदीन कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली. तिला तिथं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. लाल दिवा लागला.

"तर मिस्टर पिंकनी, त्या रात्री डेल्बर्ट स्टॅम्पर यांनी संवाद टाकून द्यायचं का ठरवलं? तुमच्याशी काही बोलले होते?"

"त्याला वाचता येत नव्हतं," ऑर्व्हिल म्हणाला.

ध्वनीवाला फिस्सकन हसला. मारिसोलही हसली, मोकळेपणानं, दाद द्यावी तशी. पन्नास वर्षं विनोद करणाऱ्या इमारतीतला म्हातारा. त्याचाही विनोद कोरडाच असणार.

"छान! पण खरंच, सांगा ना."

"खरंच सांगतोय, पोरी. त्याला वाचता येत नव्हतं, आणि ते मला ठाऊक होतं."

ध्वनीवाल्यानं कानावरचे हेडफोन गळ्यात उतरवले. मारिसोलनं नदीनकडे पाहिलं. नदीननं तिच्याकडे पाहिलं नाही. हातातला कागद मारिसोलनं मांडीवर उलटा ठेवला.

"मिस्टर पिंकनी... हे आम्हाला कदाचित दाखवता येणार नाही. सत्काराचा कार्यक्रम आहे."

"नका दाखवू. घेऊन ठेवा."

लाल दिवा विझला नाही. ऑर्व्हिलनं पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि घसा कोरडा पडून नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. जमेना.

मग नदीन बाजूच्या टेबलापाशी गेली. सुरईतून ग्लासभर पाणी ओतलं आणि घेऊन आली. त्यानं हात पुढे केला होता. तिनं ग्लास त्याच्या हातात दिला नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, त्याचा हात पोहोचेल असा, आणि परत जाऊन आपल्या जागी उभी राहिली.

त्यानं ग्लास उचलला, दोन घोट घेतले, आणि जिन्यापासून सांगायला सुरुवात केली.